बेरीज मी करीन

मस्कासाथच्या गल्लीत कृष्णकांत लांजेवाराला सगळे कृष्णकांतजी म्हणत. आपण म्हणायचं काही कारण नाही. ज्याला जन्मभर स्वतःच्या बेरजेशिवाय कशाचाच आदर वाटला नाही, त्याला आपण तरी कुठून 'जी' आणायचा?

इतवारीच्या बाजारात नत्थूजी शेठच्या धान्याच्या अडतीवर तो मुनीम होता. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि चेहऱ्यावर समोरच्याला काही म्हणजे काही येत नसल्याची खात्री. मापाडी आला की हा त्याच्या बोटांकडे बघून हसे, कारण मापाडी बिचारा बोटांवर मोजायचा. शेतकरी विकल्या मालाची पट्टी घ्यायला आला की त्याला आकडा दोनदा, मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसा वाचून दाखवी. खुद्द नत्थूजी शेठलाही तो मनातून अडाणीच समजे. पगार तिथून मिळतो म्हणून ते तोंडावर आणत नसे, एवढंच.

त्याच्या माजाला एक कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं, हीच तर अडचण. सत्तावन्न साली सरकारने नवे पैसे आणले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि पुढची काही वर्षं बाजारात दोन्ही नाणी एकदमच फिरत राहिली. इतवारीतल्या भल्याभल्या मुनिमांना घाम फुटला. आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. मधला तो एक पैसा कुठून उपटला हेच लोकांना कळेना. कृष्णकांतने सगळा तक्ता दोन दिवसांत पाठ केला. कीर्दीत आण्यांचं एक घर आणि नव्या पैशांचं एक घर अशी दोन घरं आखली, आणि वर्षअखेरीला दोन्ही घरं पैशाला पैसा जुळवून दाखवली. शेजारच्या अडतींवरचे मुनीम आपापल्या वह्या काखोटीला मारून त्याच्यापुढे बसू लागले. 'कृष्णकांतचा हिशेब चुकत नाही' असं बाजारात बोललं जाऊ लागलं. त्या एका वाक्यावर तो पुढची वीस वर्षं जगला. माणसाला वीस वर्षं पुरेल इतकी स्तुती एकदम मिळू नये, तिचा मुरंबा होतो आणि तो रोज थोडा थोडा चाखायची सवय लागते.

त्यातून त्याने एक शहाणपण काढलं होतं. जगात हिशेब म्हणजे शंभर. सोळा, बारा, चौसष्ट ही सगळी अडाणी माणसांची खटपट. शेवटी सगळ्यांना शंभरावर यावंच लागतं. एकाहत्तर साली इंग्रजांनी आपला पौंडसुद्धा शंभर पेनींचा केला, ती बातमी पेपरात वाचून तो घरी आला आणि बायकोला, इंदूबाईला म्हणाला, "आले न शेवटी शंभरावर! मी तं पहिलेच म्हणलं होतं." इंदूबाई तांदूळ निवडत होती. पौंड शंभरावर आल्याने तांदूळ स्वस्त होणार का, एवढंच तिने विचारलं. "तुले काय समजते वं," तो म्हणाला. हे तो दिवसातून चारदा म्हणायचा.

त्यांना एकच मुलगी, शामला. ती नर्सिंगला गेली तेव्हा कृष्णकांतने महिनाभर अबोला धरला. मुनिमाच्या पोरीने लोकांचं हगणंमुतणं काढायचं हे त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. पंच्याहत्तर साली कुवेतच्या एका इस्पितळात नर्सेस घेताहेत असं कळून तिने अर्ज केला, तेव्हाही त्याने आधी तोंडाचा पट्टा सोडला. मग पगार विचारला. महिना नव्वद दिनार, आणि राहायला खोली फुकट. दिनाराला तेव्हा तीस रुपयांच्या आसपास भाव होता. म्हणजे सत्तावीसशे. त्याला स्वतःला नत्थूजी शेठ साडेतीनशे देत. मुनिमाची इभ्रत कुठल्या कुठे गेली, आणि पासपोर्टाच्या फोटोसाठी तो स्वतः तिला सीताबर्डीला घेऊन गेला.

जाण्याआधी शामलाचं साक्षगंध झालं. मुलगा गोविंदा, कोराडीच्या वीज केंद्रात नुकताच लागलेला. त्याला अजून क्वार्टर मिळायचं होतं, तिचा करार तीन वर्षांचा होता. तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये ती परत आली की लग्न, असं ठरलं. गोविंदाने तिच्या बोटात अंगठी घातली आणि दोघं लाजून हसली. लोकांदेखत त्यांना एवढंच करता येत होतं. गोविंदाचे वडील मारोतराव म्हणजे सावनेरकडचे रिटायर प्राथमिक मास्तर, मऊ बोलणारा माणूस. कृष्णकांतला ते मनापासून क्षुद्र वाटायचे. "पाढे शिकवून जन्म गेला, पण स्वतःच्या पेन्शनीचा हिशेब याले दुसऱ्याकडून करून घ्या लागते," असं तो इंदूबाईला म्हणाला होता. मुलगा मात्र सरकारी नोकरीचा, म्हणून चालवून घेतलं.

शामलाचा पहिला ड्राफ्ट आला आणि कृष्णकांतने घरासाठी नवी वही काढली. आता इथे खरं ते सांगितलं पाहिजे, ती वही देखणी होती. डाव्या पानावर लाल शाईने दिनार, उजव्या पानावर निळ्या शाईने रुपये, आणि मधल्या चिंचोळ्या घरात त्या दिवशीचा भाव. लोक सरसकट तीसने गुणून मोकळे होत. गल्लीतल्या भैय्याजींचा भाचा मस्कतला होता, ते तर सगळंच 'वीसच्या हिशेबाने' सांगायचे. कृष्णकांतला अशा लोकांची शिसारी येई. "भाव रोज बदलते गा," तो भैय्याजींना सुनावी. "ज्या दिवशी पैसा हाती, त्या दिवशीचा भाव. दिनार दिनाराच्या पानावर, रुपये रुपयाच्या. मधात जो फरक पडते, त्याचं खातं वेगळं." त्याने खरोखरच 'भावफरक खातं' असं पान उघडलं होतं, आणि दर महिन्याला बँकेत जाऊन काउंटरवरच्या बाबूला भाव विचारून तो बाबू पार जेरीस आणला होता. ड्राफ्टसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर दिनाराचा आकडा छापलेला असायचा, पुढे टिंब आणि टिंबापुढे फिल्सची, म्हणजे तिकडच्या सुट्या पैशांची, तीन शून्यं. तिसरं शून्य त्याने तिकडच्या कारकुनांच्या अडाणीपणात जमा करून टाकलं होतं.

दोन वर्षं शामला दर महिन्याला साठ दिनार पाठवत होती. सत्याहत्तरच्या दिवाळीनंतर ती पन्नास पाठवू लागली. कारण तिने लिहिलं नाही. कृष्णकांतने आठ दिवस वाट पाहिली आणि पत्र लिहिलं. पत्र कसलं, नोटीसच. 'खर्च वाढलेला दिसतो. दर महिन्याचा खर्च जिनसवार लिहून पाठवणे. जसा दिनारात-फिल्समध्ये झाला तसाच लिहिणे, रुपये करत बसू नये. बेरीज करू नये. बेरीज मी करीन.'

बेरीज न मागण्यात त्याची धंद्याची हुशारी होती. माणूस बेरीज आधी ठरवतो आणि मग जिनसा तिच्यात बसवतो, हे त्याने अडतीवर पाहिलेलं. शिवाय बाईमाणसाची बेरीज म्हणजे काय, हे तर त्याच्या लेखी बोलायलाच नको. शामलाने निमूट यादी पाठवली. चहा-साखर साडेआठशे फिल्स. साबण-पेस्ट सहाशे फिल्स. डोक्याचं तेल साडेचारशे फिल्स. बसचं भाडं नऊशे फिल्स. चप्पल एक दिनार साडेसातशे. तांदूळ, पीठ, डाळ तीन दिनार अडीचशे. अशा एकूण नऊ जिनसा, शाळकरी अक्षरात, एकाखाली एक.

आता कुवेतच्या दिनाराचे फिल्स शंभर नसतात, हजार असतात. हे मस्कासाथमध्ये कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि माहीत नसणं हा काही गुन्हाही नव्हे. पण विचारायला कुणी हात धरला होता? बँकेतल्या त्या बाबूला विचारता आलं असतं, शामलाला विचारता आलं असतं, छापलेल्या चिठ्ठीवरची ती तीन शून्यं तर दर महिन्याला स्वतः होऊन सांगत होती. कृष्णकांतने कुणालाही विचारलं नाही. शंभर फिल्सचा एक दिनार धरला, लाल शाई घेतली आणि बेरीज केली. साडेचारशे फिल्सचं तेल म्हणजे साडेचार दिनार. चहा-साखर साडेआठ. असं करत सगळे मिळून चौसष्ट दिनार पन्नास.

त्याने पान समोर धरलं आणि पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली.

"साडेचार दिनाराचं तेल!" तो ओरडला. "एकशे पस्तीस रुपये! डोक्याले लावते का आंघोळ करते तेलानं?"

"अहो, तिथं महाग असंन," इंदूबाई म्हणाली. मग म्हणाली, "पण एकशे पस्तीसचं तेल ते घेणार नाही जी. आपली शामी आहे ते. काही तरी चुकून राहिलं असंन."

"कोणाचं चुकून राहिलं?"

इंदूबाईने चूल फुंकायला घेतली. अक्षरओळख नसलेली ती बाई तिथे एकटी शुद्धीवर होती, आणि तिलाच त्या घरात बोलायची परवानगी नव्हती.

खर्च जास्त, इतकंच असतं तर कृष्णकांतने आणखी दोन नोटिसा धाडल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण तो मुनीम होता, त्याने जमाखर्च मांडला. जमा नव्वद. घरी पाठवले पन्नास, खर्च केले साडेचौसष्ट. म्हणजे नव्वद येतात आणि एकशे साडेचौदा जातात. वरचे साडेचोवीस दिनार कुठून आले? त्याने पुढच्या महिन्याची यादी येऊ दिली. पुन्हा वीसेक दिनार वर. तिसऱ्या महिन्याला सत्तावीस. अडतीवर असा फरक निघाला की त्याचा अर्थ एकच असे, बाहेरून कुणीतरी पैसा घालतंय आणि तो वहीत दाखवला जात नाही. परदेशात एकट्या राहणाऱ्या तरण्या पोरीला दर महिन्याला सातशे रुपये कोण देईल, आणि का देईल, याचं उत्तर त्याने पाच मिनिटांत काढलं.

कुणी म्हणेल, बापाला दुःख झालं असेल. झालं की. दोन दिवस नीट जेवला नाही. पण त्या दुःखाच्या पोटात आणखी काहीतरी होतं, आणि ते बघवत नाही. चोरी पकडल्याचं समाधान. वीस वर्षांनी पुन्हा एकदा सगळ्यांना न दिसलेला फरक त्याला एकट्याला दिसला होता.

त्याने शामलाला विचारलं नाही. ज्याची झडती घ्यायची त्याला आधी कळू द्यायचं नाही, अशी त्याची रीत. माघात एका सकाळी त्याने वही कापडी पिशवीत घातली आणि सीताबर्डीहून कोराडीची बस धरली. गोविंदाला तोवर क्वार्टर मिळालं होतं आणि मारोतराव त्याच्याकडेच राहत होते. गोविंदा ड्युटीवर होता. ओट्यावर वीज केंद्राच्या राखेचा थर बसलेला, तो मारोतरावांनी स्वतःच्या उपरण्याने झाडला आणि होणाऱ्या व्याह्याला बसायला जागा केली.

कृष्णकांतने वही उघडली. "मारोतराव, मी व्यवहाराले चोख माणूस आहो. माल देतो तं दाखवून देतो. मागाहून तुम्ही म्हणान, कृष्णकांतनं फसवलं."

माल. स्वतःच्या पोरीला माल म्हणाला तो. ज्वारीच्या पोत्यात बांबी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढून दाखवावेत, तशी त्याने ती तीन पानं मारोतरावांपुढे धरली आणि बोट फिरवत सगळं समजावून सांगितलं. मारोतराव लाल आकड्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे काय समजाचं जी?" त्यांनी विचारलं.

"समजाचं ते समजा. नव्वद येतात, एकशे साडेचौदा जातात. वरचे साडेचोवीस कोण देते, ते वहीत नाही."

"कुठं बेरजेत..."

"माझी बेरीज चुकत नाही," कृष्णकांत म्हणाला. मारोतरावांनाही ते ठाऊक होतं. अख्ख्या इतवारीला ठाऊक होतं. ते उठून आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले ते चहा घेऊन.

आठ दिवसांनी निरोप आला, साक्षगंध मोडलं समजा. वैशाखात गोविंदाचं लग्न पारशिवनीच्या एका मुलीशी लागलं. कृष्णकांतने हेही शामलाला कळवलं नाही. तिची करणी तिला ठाऊक आहे, कळवायचं काय, असा त्याचा न्याय. इंदूबाईला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं तर गल्लीत बोभाटा. तिने रडून घेतलं. पन्नास दिनारांचे ड्राफ्ट मात्र येतच होते आणि कृष्णकांत ते त्या दिवशीच्या भावाने जमा करून घेतच होता. पापाचा पैसा म्हणून त्याने एकही परत पाठवला नाही, हे आपण विसरू नये.

ठरल्याप्रमाणे जूनमध्ये शामला आली. तीन वर्षांत थोडी वाळली होती. बोटात अंगठी होती. पहिला दिवस सामान काढण्यात आणि शेजारणींच्या चौकशांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना तिने आईला विचारलं, "कोराडीचं कोणीच नाही आलं? यांची पत्रं पण माघापासून बंद आहेत, मी विचारलं तं बाबांनी काही लिहिलंच नाही. तब्येत तं बरी आहे न?"

इंदूबाईने पदर तोंडाला लावला. शामला बापाकडे वळली.

कृष्णकांत या घडीची चार महिने वाट बघत होता. त्याने वही आणली आणि तिच्या पुढ्यात उघडी टाकली. "मले काहून इचारते? वाच. अन् सांग, हे वरचे साडेचोवीस दिनार तुले कोण देत होतं? लग्न मोडलं तुझं, गोविंदाचं वैशाखात दुसरीसंग लागलं. मारोतरावले मी सोता दाखवून आलो."

शामलाने वही जवळ ओढली. पहिल्यांदा तिला काही उमगलं नाही. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"डोक्याचं तेल साडेचार दिनार?"

"तूच लिहिलं."

"मी साडेचारशे फिल्स लिहिले बाबा."

"मंग? साडेचारच झाले न ते?"

शामलाने आवाज चढवला नाही, रडलीही नाही. उठली, पर्स आणली, आणि एक नोट वहीच्या पानावर ठेवली. "हे पाव दिनाराची नोट. बसमध्ये मोडली की याचे इतके सुटे येतात." मग तिने नोटेशेजारी नाणी मांडली. शंभर फिल्सची दोन, पन्नासचं एक.

मुनीम होता तो. पावाचे अडीचशे म्हटल्यावर पुऱ्याचे किती, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याचे ओठ हलले. डोळे नाण्यांवरून साडेचारच्या आकड्यावर गेले, तिथून खाली चौसष्ट पन्नासवर, आणि परत नाण्यांवर आले. कोणताही बाप इथे काय बोलला असता याचा अंदाज ज्याने त्याने करावा. कृष्णकांत म्हणाला,

"तू बेरीज काहून नाही लिहिली?"

"तुम्हीच लिहिलं होतं, करू नको म्हणून."

त्याने टाक उचलला. खरंच उचलला. त्या दोघी तिथे बसलेल्या असताना त्याने चौसष्ट पन्नासवर रेघ मारली, पट्टीने फिल्ससाठी नवं घर आखलं आणि सगळी यादी पुन्हा मांडली. अकरा दिनार, आठशे पन्नास फिल्स. अधिक पन्नास. नव्वदातून वजा. "अठ्ठावीस दिनार दीडशे उरतात," तो म्हणाला, आणि मान वर करून पोरीला विचारलं, "हे कुठं गेले?"

शामलाने ट्रंकेतून एक डबी आणून उघडून ठेवली. आत बांगड्या होत्या आणि पोत होती. "लग्नाचं सोनं घेत होती थोडं थोडं. तुमच्यावर बोजा नको म्हणून. म्हणून दिवाळीपासून दहा कमी पाठवले. सांगितलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं."

आणि ऐका, त्या माणसाचा चेहरा उजळला. "म्हणजे हिशेब बरोबर निघते!" तो म्हणाला. "फिल्सचाही फरक नाही!"

"निघाला न हिशेब?" इंदूबाई म्हणाली. तीस वर्षांत तिचा असा आवाज त्या घराने ऐकला नव्हता. "आता त्या वहीसंगच लावा पोरीचं लग्न. अन् अक्षता टाकाले इतवारीतले सारे मुनीम बोलवा. मले हाक मारू नका."

शामलाने अंगठी काढली. बोट वाळलेलं होतं, सहज निघाली. ती तिने बापासमोर ठेवली. "हे त्यांचं त्यांना परत करायचं राहिलं. तुम्हीच मोडून आले, तुम्हीच देऊन या."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कोराडीला गेला. अंगठी खिशात, वही पिशवीत. वही कशाला, असं कुणी विचारलं नाही. त्याच्या मनात होतं की दुरुस्त केलेलं पान दाखवलं की निदान नाव तरी साफ होईल, मुलीचं आणि आपलं. अडतीवर असंच व्हायचं. चूक सापडली की दुरुस्तीची नोंद टाकायची, पार्टीची सही घ्यायची, विषय संपला.

मारोतराव ओट्यावरच होते. नवी सून पाणी ठेवून आत गेली. तिच्या हातातला चुडा अजून उतरला नव्हता. कृष्णकांतने अंगठी दिली आणि लगेच वही उघडून हजार फिल्सची गोष्ट सांगितली, नव्या घरावर बोट ठेवून, बेरीज वाचून दाखवून. बांगड्या आणि पोतीचंही सांगितलं. मारोतरावांनी सगळं ऐकून घेतलं. वहीकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

"कृष्णकांतजी," ते म्हणाले, "मले तं त्या दिवशीही हिशेब समजला नव्हता. दिनार मी पाहिला नाही, फिल्स मी पाहिले नाही. मले काय समजते त्यातलं?"

"मंग तुम्ही मानलं कसं?" कृष्णकांतने विचारलं. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"आकडे पाहून नाही मानलं जी. बाप सांगून राहिला म्हणून मानलं. माझा गोविंदा तं म्हणत होता, एक पत्र टाकून इचारू. मीच त्याले चूप केलं. म्हटलं, शामलेवर तिच्या बापाचाच भरोसा नाही, तं आपण कोण लागून गेलो?" त्यांनी अंगठी मुठीत घेतली. "तुमचं पान दुरुस्त झालं. पोरीचं कसं कराचं, ते वहीत असंन तं पाहा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हातारे मास्तर होते, चुकलेल्या पोरासमोर पाटी परत सरकवावी तशी त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. कृष्णकांतने ती पिशवीत घातली. रस्त्याने कोळशाचे ट्रक चालले होते, बस यायला तास होता. तो तासभर स्टॉपवर उभा राहिला. समोर बसायला दगड असूनही बसला नाही.

घरी पोचला तेव्हा शामला दारातच होती. तिने त्याच्या हातून पिशवी घेतली, पाणी दिलं, आणि तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

"काय म्हणाले, बाबा?"

कृष्णकांतने टोपी काढून खुंटीला लावली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा लावली.

"अंगठी सुनेजवळ देऊन आलो," तो म्हणाला. "मारोतराव घरी नव्हते."